पोल ते पोल

माझ्या डाव्या मनगटात आता एक डीपी आहे.
हात उशाशी घेऊन झोपलो की ऐकू येते,
घूं… घूं…
म्हणजे सप्लाय चालू आहे.
अठ्ठावीस वर्षं लाइनमन होतो मी,
हा आवाज काही नवा नाही.
नवं एवढंच, की ही बंद पडली
तर तक्रारवहीत नाव माझंच लागेल.

टाके सुटले त्या दिवशी निकहत सिस्टर म्हणाली,
काका, मऊ बॉल दाबत जा, नस फुगली पाहिजे.
बॉल कुठून आणू?
आंबिया गळत होता बगिच्यात,
लिंबाएवढी हिरवी संत्री, झाडाखाली सडा.
दोन उचलून खिशात टाकली.
एक पिचपिचं झालं की दुसरं.
संत्रं खायची मनाई आहे मला,
दाबायची नाही.
रात्री तळहात हुंगून झोपतो.

मग चालणं.
मधल्या दिवशी चाला, डॉक्टर म्हणाले.
किती?
दम लागला तरी बोलता आलं पाहिजे, इतकंच.
म्हणून बोलायला वच्छला सोबत.
उन्हं तापायच्या आत, साडेपाचला.
पहिल्या दिवशी घरापासून पहिल्या पोलपर्यंत.
ज्यावर विडी विझायच्या आत चढायचो
त्यालाच टेकून बसलो.
डोळे कुठे ठेवावे कळेना.
ती म्हणाली, "चढता नाई येत त नाई,
टेकता त येते ना बाप्पा."

तिसरा पोल वाकडा, ट्रॅक्टरनं ठोकलेला.
चौथ्यावर कावळ्याचं घरटं, तारेच्या तुकड्यांचं.
तीन वर्षं मी वहीत लिहिलं : काढले.
काढलं नव्हतं.
हे वच्छलाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं,
चालताना, बोलता येतं का ते पाहायला.

सोमवार, गुरुवार मोर्शी.
चार तास रक्त बाहेरच्या लाइनवर.
शेजारच्या बेडवर रज्जाक मास्टर, टेलर,
चादरीखाली त्याचे पाय हलत असतात,
टाच, चवडा, टाच, चवडा,
जसा काही कोणाचा सदरा अडला आहे.
"मशीन दोन्ही बाजूनं चालली पायजे," म्हणतो.
निकहतनं मग एक सायकल आणली,
चाक नसलेली, नुसते पायडल,
पहिल्या दोन तासांतच मारायची,
नंतर बीपी पडते.
पाळीवरून आम्ही भांडतो, शाळकरी पोरांसारखे.
मास्टर घाम पुसून सांगतो,
"आज अमरावती आली. उतरलो नाई."

सगळेच दिवस असे नसतात.
साळ्याच्या पोरीच्या लग्नात
दोन वाट्या कढी, वर गडूभर पाणी,
कोणी बघत नव्हतं.
वजनकाट्यानं बघितलं.
मशीनवर पिंडऱ्यांत असा गोळा आला
की मी आईला हाक मारली, जी नाही.
आठवडाभर पुन्हा एकच पोल.
वच्छला काही बोलली नाही,
फक्त सकाळी मोजून भरायचा तो लहान गडू
माझ्या हातात दिला, म्हणाली,
"उद्यापासून तुमीच भरा."
भरतो. आता घोट कसा तोंडात फिरवायचा ते कळतं.

काल अकरावा पोल गाठला.
तिथे गावाची डीपी, कुंपणात, जुनी, तेल गळणारी.
अंधार होता अजून, कुत्रंही उठलं नव्हतं.
घूं… घूं…
मी थांबलो.
हात कानाला लावला, काढला, लावला,
कोणती घुमते कळेना.
वच्छलानं दोन बोटं मनगटावर ठेवली,
जशी ती भात शिजला का बघते,
आणि म्हणाली,
"हे तुमची."
मग पदर खोचला.
"चला. वापस जाचे अकरा हायेतच."